जांभळा करगा

आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नका. माझा तरी नाही. गॅस बंद केला की नाही हे पाहायला मी अजून रोज अर्ध्या जिन्यातून परत जातो. असा माणूस तीसेक वर्षांपूर्वीची बोलणी जशीच्या तशी सांगू लागला, तर ऐकणाऱ्यानं सावध असलेलं बरं.

पण किस्से साठतात, त्याला काय करणार! भाताच्या जमिनीत तणाचं बी वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं आणि एखाद्या वर्षी भसकन उगवतं. तसंच हे. मित्रांमध्ये बसलो की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा. एक मात्र मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. तो शेवटी सांगेन. सांगावा की नाही, हे अजून ठरत नाहीये.

तेव्हा मी चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीच्या पुढे, एका छोट्या संस्थेच्या भातशेतीवर होतो. संस्था कधीच बंद पडली. आमचं वर्तुळ चौघांचं. मी, वनस्पतिशास्त्राची डॉक्टरेट घेऊन पुण्याहून आलेला, चाळिशी ओलांडलेला, अविवाहित. डॉ. सुमन कुमरे, माझ्याइतकीच शिकलेली आणि माझ्यापेक्षा कितीतरी ठाम. ती गडचिरोलीकडची, धानोऱ्याच्या पुढच्या जंगलातल्या एका गोंड गावची. रेखाबाई मडावी, निंदणाऱ्या बायांची मुकादम. आणि पोचन्ना, सिरोंच्याचा, आमची जीप चालवायचा आणि रागावला की तेलुगूत बोलायचा.

सुमनला मी सगळी वर्षं 'मॅडम' म्हटलं. आता लिहिताना सुमन म्हणतो. आता कोण अडवणार!

०

पहिल्याच दिवशी मी मोठ्या उत्साहानं पँट दुमडून बांधीत उतरलो. बांधी म्हणजे भाताच्या शेताचा बांध घातलेला तुकडा. आमचं काम होतं करग्यावर. करगा हा भाताचा जंगली भाऊबंद. पान तेच, चाल तीच. लोंबी येईपर्यंत भल्याभल्यांना ओळखू येत नाही. आणि लोंबी आली की त्याचे दाणे कापणीच्या आधीच गळून चिखलात जातात. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती काही नाही, आणि पुढच्या वर्षी करगा आणखी वाढलेला!

मी एक ओळ निंदून काढली आणि जुडी अभिमानानं वर धरली. रेखाबाईंनी ती पाहिली.

"सर, हे काऊन उपटलं?"

"करगा आहे ना हा."

"हा धान आहे! अन् ज्याले सोडून तुम्ही समोर गेले, तो करगा!"

बाया हसून हसून चिखलात बसायच्या बाकी राहिल्या. बांधावरून सुमन म्हणाली, "राहू द्या रेखाबाई. सरांसारखे लोक निंदायला येतात, म्हणून तर करगा टिकून आहे!"

मला आधी टोमणा वाटला. मग कळलं की तो सिद्धांत होता. करग्याच्या झुंडीत सगळे एकसारखे नसतात. कुणाच्या बुडाला लाली असते, कुणाचं पान फिकट, आणि एखादा हुबेहूब धानासारखा. जो ओळखू येतो त्याला हात उपटतो. जो ओळखू येत नाही तो राहतो आणि बी टाकतो. निंदणाऱ्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या करग्याला धानाच्या रूपात आणून सोडलं होतं, आणि त्यातल्या एकाही बाईच्या मनात तसं नव्हतं.

त्या दिवशी उपटलेली धानाची जुडी मी परत लावली. एकही रोप जगलं नाही.

०

एकदा संस्थेचे मोठे साहेब पाहणीला आले. सुटाबुटात. बांधावर छत्रीखाली उभं राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे हे तण शिकतं म्हणायचं? दरवर्षी हुशार होतं?"

"नाही सर," सुमन म्हणाली. "एकही करगा काही शिकत नाही. जो जसा उगवला तसाच मरतो. ओळखू आले ते गेले. उरले त्यांची पोरं पुढच्या वर्षी उगवली. बदलते ती झुंड, करगा नाही."

साहेबांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "कुमरे मॅडम, म्हणजे उरतो तो चांगला असतो असं काही नाही?"

"नाही सर. फक्त नजरेतून सुटलेला असतो."

साहेब जीपमध्ये बसता बसता पोचन्नाला म्हणाले, "आमच्या हेड ऑफिसचं वर्णन इतकं नेमकं मी कधीच ऐकलं नव्हतं!"

०

पोचन्नाच्या कोंबड्यांचा किस्सा तर आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावा लागे.

त्यानं क्वार्टरमागे कोंबड्या पाळल्या होत्या. रानमांजर यायचं. खुराड्यात आणि कुंपणावर बसणाऱ्या कोंबड्या एकेक करून गेल्या. दोन-तीनच उरल्या, ज्या संध्याकाळी फडफडत चिंचेच्या फांदीवर चढायच्या. त्यांची पिल्लं मोठी झाली, तीही वर चढू लागली. होता होता सगळा कळप झाडावर!

पोचन्ना खूश. "पाहा मॅडम, मांजर खाली येते, वर पाहते, जाते. माझ्या कोंबड्या शाण्या झाल्या."

"शाण्या नाही झाल्या पोचन्ना. ज्या वर चढत नव्हत्या त्या मांजराच्या पोटात आहेत."

पुढच्या उन्हाळ्यात मी सकाळी त्याच्या दारात गेलो तर स्वारी कपाळाला हात लावून बसलेली. कोंबड्या अंडीही खाली घालेनाशा झाल्या होत्या. कौलांवर, गवताच्या गंजीवर, कुठं म्हणून सापडतील तर शपथ!

"अय्यो सर," तो म्हणाला, "निवड तर बरोबर झाली. पण आमलेट बंद झालं!"

०

आता माझ्यावरचा किस्सा. हा सुमन सांगायची, त्यामुळे त्यात किती मीठमसाला आहे हे देवाला ठाऊक.

आलो तेव्हा माझं बोलणं ऐकून लोक मागे वळून बघायचे. 'आपण कृपया थोडं सरकता का' असं मी एसटीत म्हटलं, तर सगळी बस सरकली होती म्हणे! मग हळूहळू जिभेवर इथलं काहीबाही चढलं. एकदा मूल गावच्या स्टँडवर एका म्हाताऱ्याला मी विचारलं, "भाऊ, चंद्रपूरची गाडी कुठी लागते?"

"थे काय उभी आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे निरखून, "तुम्ही बल्लारपूरचे का जी?"

पुण्याचा नाही, बल्लारपूरचा! डॉक्टरेट मिळाली तेव्हा इतका आनंद झाला नव्हता. परत येऊन सगळ्यांना सांगितलं. रेखाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

सुमन चहा पीत होती. म्हणाली, "रंग आला सर तुम्हाला. पण उभे अजून ओळीच्या बाहेरच आहात."

आमच्याकडे रोवणी, म्हणजे भाताची लावणी, दोरी धरून ओळीत व्हायची. म्हणजे ओळीच्या बाहेर जे काही उभं, ते आपण लावलेलं नाही. इतकाच त्याचा अर्थ. मी मात्र तो रात्रभर उलटसुलट करून पाहिला.

०

मग जांभळा धान आला.

युक्ती साधी होती. करगा धानासारखा दिसतो ना? मग धानाचाच रंग बदला! ज्याचं पान जांभळं असतं असा एक धान आम्ही आणला आणि मोठ्या बांधीत लावला. जांभळ्या शेतात हिरवा करगा लांबून ओळखू येऊ लागला. रेखाबाईंच्या बाया गाणी म्हणत भराभर निंदायच्या. "हिरवं दिसलं का उपटा!" एवढीच सूचना.

मी तर हरखून गेलो. सुमन नाही. ही गोष्ट तिच्या घरची होती. तिच्या आईच्या चार बांध्या करग्यानं भरत चालल्या होत्या. भाऊ म्हणत होता, धान सोडून द्या.

"दोन-तीन वर्षं चालेल," ती म्हणाली. "मग करगाही जांभळा होईल."

"कसा होईल? तो हिरव्याचा हिरवाच जन्मतो."

"वारा असतो सर. धानाचा पराग करग्यावर पडतो. हजारात एखादं पोर जांभळं निघेल. बाया त्याला हात लावणार नाहीत. मग पुढच्या वर्षी किती?"

मला ते पटत होतं. पटायला नको होतं, कारण त्याच आठवड्यात मी तिला एक गोष्ट विचारली होती. विचारली म्हणजे काय, माझ्या पद्धतीनं. म्हणालो होतो की, तीन हंगामांनी माझं इथलं काम संपेल, पुण्याला कॉलेजात जागा ठरली आहे, तिथं अजून एक जागा निघणार आहे, आणि आमचं घर दोन माणसांना पुरून उरण्याइतकं आहे. हे सगळं एका दमात, हातातल्या लोंबीकडे बघत. तिनं ती लोंबी माझ्या हातातून घेऊन पिशवीत टाकली होती.

त्या दिवशी बांधावर, सगळ्यांसमोर, तिनं उत्तर दिलं.

"पैज लावा सर. तुम्ही जाईस्तोवर या बांधीत जांभळा करगा निघाला, तर मी जिंकले. मग माझ्या आईच्या बांधीत दिवसभर निंदायचं आणि एकट्यानं पुण्याला जायचं."

"आणि नाही निघाला तर?"

"तर मी येते तुमच्या पुण्याले."

"कायले जाता मॅडम पुण्याले?" रेखाबाई म्हणाल्या.

"राहाले," सुमन म्हणाली, आणि तिनं पदर खोचून निंदायला सुरुवात केली.

जगात नैसर्गिक निवड थोडी थांबावी म्हणून नवस बोललेला मी एकटाच शास्त्रज्ञ असेन!

०

पहिला हंगाम कोरा गेला. दुसराही. मी रोज सकाळी चहा झाला की बांधीची फेरी मारायचो, ओळींच्या मधली जागा वाकून वाकून बघायचो. जांभळं काही दिसलं की ते ओळीतच असायचं, म्हणजे आपलाच धान. ओळीबाहेर जे उगवलेलं ते हिरवं.

सुमन माझ्या आधीच आलेली असायची. मी पोचायचो तेव्हा ती बांधापलीकडच्या पाण्याच्या चरापाशी हात धूत असायची. कोपरापर्यंत चिखल.

"इतक्या लवकर?"

"ऊन चढायच्या आधी बरं असतं."

मग आम्ही बांधावर बसून पोचन्नाच्या थर्मासमधला उरलेला चहा प्यायचो. समोर जांभळं शेत, मागे जंगल. फारसं बोलायचो नाही. आयुष्यात मला कुठं परत जायला मिळालं, तर मी त्या बांधावर जाईन. बाकी कुठं नाही.

"अजून तरी हिरवाच आहे," मी म्हणायचो.

"दिसते तर तसंच," ती म्हणायची.

तिसऱ्या हंगामाला मी इतका निर्धास्त झालो, की पुण्याला ताईला फोन करून वरची खोली रंगवून घ्यायला सांगितलं.

"कुठला रंग देऊ?" ताईनं विचारलं.

"जांभळा सोडून कुठलाही!"

०

त्याच भादव्यात आईला ताप भरला म्हणून सुमन गावी गेली. रोवणी होऊन बरेच दिवस झाले होते. तिच्या गैरहजेरीत सगळी बांधी माझ्यावर आली, म्हणून मी अधिकच बारकाईनं फेऱ्या मारू लागलो. आठवडा होत आला असेल. एका सकाळी दोन ओळींच्या बरोबर मधोमध तो दिसला.

जांभळा. धानापेक्षा वीतभर उंच. बुडाशी पसरलेला. मी चष्मा पुसून पाहिला, हात लावून पाहिला, दोरी धरून पाहिली. ओळीत नव्हताच. करगा!

खरं सांगतो, माझ्या मनात आलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. एक हिसडा पुरला असता. पण विज्ञानात असं करतात का? आणि ज्या बाईनं पहिल्याच हंगामात हे भाकीत केलं, तिला तिचं बरोबर ठरणं मिळायला नको? मी तो मातीच्या ढेकळासकट काढला, बादलीत ठेवला आणि एसटीत बसलो.

गडचिरोलीला गाडी बदलली. बादली मांडीवर. दर स्टॉपला मी त्याच्यावर पाणी शिंपडत होतो. कंडक्टर शेवटी न राहवून म्हणाला, "सर, याले लावाले नेऊन राह्यले का दवाखान्यात?"

सुमन अंगणात होती. आई बाजेवर पडलेली. मी बादली तिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "मॅडम, अभिनंदन. तुम्ही जिंकलात."

ती बादलीत बघत राहिली. मग तिनं त्या रोपाचं एक पान दोन बोटांत धरलं.

"हे दाखवायला इतक्या लांब आलात?"

"मग? लपवून कसं चालेल?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला कसं चालेल!"

दुसऱ्या दिवशी मी पैजेप्रमाणे तिच्या आईच्या बांधीत निंदायला उतरलो. बांधाशी बाज आणून म्हातारी बघत होती. तिनं लेकीला विचारलं, "हा सर कायले आला?"

"हरला म्हणून."

"मंग हरलेला माणूस हासून काऊन राह्यला?"

मी खरंच हसत होतो. घाबरलो की मला हसू येतं. हे सुमनला माहीत होतं की नाही, मला आठवत नाही.

हंगाम संपल्यावर मी पुण्याला आलो. एकटा. ती पुढे नोकरी सोडून गावीच राहिली, त्या चार बांध्या तिनं शेवटपर्यंत पिकवल्या. दिवाळीला फोन व्हायचा. दरवेळी ती विचारायची, "वरच्या खोलीला कोणता रंग दिला मग?" मी सांगायचो, "पांढरा." ती म्हणायची, "बरं केलं."

०

हा शेवटचा.

मागच्या वर्षी पोचन्नाचा फोन आला. "सर, मॅडम गेल्या." मी निघालो, पण पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. परतताना सिंदेवाहीला उतरलो. आमच्या शेतावर आता दुसऱ्या कुणाचा साधा हिरवा धान उभा होता. जांभळा धान तर आम्ही निघालो त्याच वर्षी बंद झाला होता आणि त्या भागात पुन्हा कुणी लावला नव्हता. मी बांधावर जाऊन बसलो. पोचन्ना रेखाबाईंना घेऊन आला. त्या काठी टेकत आल्या आणि शेजारी बसल्या.

बांधापलीकडे तो जुना चर होता. आमच्या वेळी त्यात नुसती बेशरमाची झुडपं असायची. धान नाही, करगा तर नाहीच. सहज मान वळवून पाहिलं. चरभर करगा उभा होता. हिरव्यात मिसळलेला, पण निम्मा जांभळा!

माझी सवय तुम्हाला माहीत आहे. मी लगेच शंका काढल्या. बी बांधीतून पाण्याबरोबर वाहून गेलं असेल. पाखरांनी नेलं असेल. मोठ्यानंच बोलत होतो.

"पाखरं कायची सर," रेखाबाई म्हणाल्या. "मॅडम फेकत होत्या ना."

"काय?"

"थेच. जांभळे. रोज पहाटे एकट्या येत, ओळीच्या मधातले पाहू पाहू उपटत अन् तिकडे फेकत. मी एकदा म्हटलं, मॅडम, आमाले तर जांभळ्याले हात लावू नोका म्हणता. तर म्हणे, रेखाबाई, सरले सांगू नोका. ओला चर होता, धरलं असन मूळ."

"कधीपासून?"

"कधीपासून काय! दुसऱ्या सालापासून. मॅडम आईकडे गेल्या तवाच तेवढं राह्यलं."

रेखाबाईंचं वय झालं आहे, माझंही. आठवणीचा भरवसा नाही, हे मी आधीच सांगितलं. म्हणून दुसऱ्या दिवशी पोचन्नाला एका गवंड्याकडून पाण्याची नळी आणायला लावली, ती पारदर्शक, लेव्हल बघायची. एक टोक त्यानं चरात धरलं, एक मी बांधीत. दोनदा मोजलं, मग जागा बदलून पुन्हा एकदा.

चर बांधीपेक्षा हातभर वर आहे. बांधीतलं पाणी तिकडे चढत नाही.